हाय टेन्शन तारांखालचा संसार

तीर्थस्वरूप दाजींना,

शिवशंकरचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? रूपालीताईला नमस्कार, लेकरांना गोड पापा. फोनच केला असता, पण आमचं घर दोन खोल्यांचं आणि विषय योगिनीनं ऐकण्यासारखा नाही, म्हणून हे पत्र.

मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं आम्ही घर बांधलं, त्यावरून विजेच्या मोठ्या तारा जातात, हे तुम्ही वास्तुशांतीला पाहिलंच होतं (तेव्हा तुम्ही म्हणालात, "चला, उजेडाची चिंता मिटली." मी हसलो होतो. आता हसत नाही). धुकं पडलं की त्या तारा गुणगुणतात. योगिनी म्हणते, कुणीतरी पाळणा म्हणतंय. कपडे वाळत घालताना ती मध्येच थांबते आणि मान वाकडी करून ऐकत राहते. कपड्यांच्या तारेला हात लावला तर बोटांना मुंग्या येतात. लग्नाला चार वर्षं झाली, घरात पाळणा हलत नाही, आणि वर आभाळात मात्र चालू! आमच्या कंपनीतला कडूबा तर शपथेवर सांगतो, की असल्या तारांखाली पुरुषाचं बीज वाळून जातं.

परवा दिवेलागणीला मेंढ्या चारणारा बिरू आला. त्यानं एक जुनी ट्यूब तारांखाली नुसती हातात धरली, तर ती पेटली! वायर नाही, बटण नाही. मेलेल्या माणसाच्या नखासारखा निळसर उजेड. मग मी धरली. अंधार.

"भाऊ, तुमच्यात करंटच नाय का काय?" बिरू म्हणाला. त्याची बायको दगडाबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. (माझ्या पायांत कंपनीचे रबरी बूट होते आणि बिरू अनवाणी. हे घरी आल्यावर सुचलं, पण बूट काढून पुन्हा धरायची हिंमत झाली नाही.) दगडाबाईला याच तारांखाली तीन लेकरं झाली, मेंढ्यांचं तर विचारूच नका. म्हणजे या तारा माणूस बघून बाधतात.

तेव्हा हे घर सोडावं, असं तुम्ही योगिनीला समजवा.

आपला मेहुणा,
शिवशंकर

ता. क. डॉक्टरबाई म्हणाल्या, तारांचं पक्कं काही सिद्ध झालेलं नाही. योगिनीचं सगळं ठीक आहे, आता माझी तपासणी करायला हवी. लॅब क्रांती चौकात आहे. एकट्याचे पाय उचलत नाहीत. तुम्ही याल का? कुणी विचारलं तर तुमच्या गुडघ्याचा फोटो काढायला आलो म्हणू.

पुन्हा ता. क. येऊ नका. योगिनीनं पत्र वाचलं. रागावली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. एवढंच म्हणाली, "माझ्या तपासण्यांना मी एकटीच गेले व्हते. तवा कुणाचे दाजी आले व्हते?" आता ती माझ्यासाठी जागा ठेवून रिक्षात बसली आहे, आणि कुठं जायचं ते तिनं रिक्षावाल्याला सांगितलंसुद्धा. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.