साठीनंतरचं सुख

॥ श्री ॥
कटंगी, ता. ३ जानेवारी १९६८

चि. गं. भा. अनुसया हिस दादाचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दर पत्रात तुझं एकच टुमणं, दादा, माणूस म्हातारा होत जाते तसा सुखी होत जाते. अवो बाई, मी सदुसष्ट वर्षाचा होऊन राह्यलो. हे सुख कोण्या मोटारीनं निघालं म्हणावं, का तुमसरलेच अडकलं?

तुझी वहिनी मैना जाऊन दोन वर्षं झाली. पोरगा खेमराज तिकडं खदानीच्या क्वार्टरात. एका माणसापुरता भात रांधतो अन तोही उरते. घरात एक बकरी आहे, तिच्याशीही आता बोलणं सुचत नाई. परवा दुकानात गेलो तं आवाजच फुटेना. ध्यानात आलं, चार दिवसांत एक शब्द बोललो नव्हतो.

लाज सोडून विचारतो. तुझ्याकडं येऊन राहू काय? ओसरीवर पडून राहीन. अवघड असन तं तसं लिही, मी रागावणार नाई.

आहे ती माया आटू देऊ नको.
तुझा दादा, चैतराम

बालाघाट, ता. ९ जानेवारी १९६८

ती. स्व. दादास अनुसयाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हासू आलं, मंग रडू. इचारतं काय? ये. माझ्यासारखी सुखी बाई साऱ्या बालाघाटात नसन. भोजराज कमावते, सूनबाई ललिता हातातलं काम हिसकून घेते. मले अलग खोली आहे, खोलीले खिडकी. उन्हात बसून मटर सोलते अन येणाऱ्याजाणाऱ्याले नावं ठेवते. तुले वाटते मी थापा मारते? येऊन पाहाय.

संक्रांत होऊ दे. आम्ही घर बदललं, तुले सापडाचं नाई. कार्ड टाकून दिवस कळव, भोजराजले मोटारस्टँडवर पाठवते. बकरी शेजारी देऊन ये, नाहीतर तिलेही घेऊन येतो म्हणशीन! दम्याचं औषध विसरू नको.

कमीजास्त लिहिलं असन तं पोटात घाल.
तुझी अनुसया

बालाघाट, ता. १९ जानेवारी १९६८

चि. खेमराज यास आत्याचे अ. आ.

बाळा, काल तुझं कार्ड आलं. ललितानं दारातच पाहिलं, कार्डाचा कोपरा फाटलेला. म्हणजे मयतीचंच. रीतीप्रमाणं तिनं ते घरात आणलं नाई, वाचलं नाई, तिथंच फाडलं अन आंघोळीले पाणी काढलं. वाचाचं काय होतं? शिक्का कटंगीचा, अन कटंगीत दादाशिवाय माझं होतं कोण.

तेरवीले येणं होत नाई. गुडघे उभं राहू देत नाई अन तिकडं नेणारं कोणी नाई.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाई. अंगावर पाणी घेताना मी रडली नाई. पहिलं मनात आलं, बरं झालं. दादा गेला म्हणून नाई रे, दादा आता येणार नाई म्हणून. मी त्याले ये म्हणून बसली होती. खोली नाई, खिडकी नाई. मी चुलीपाशी झोपते, माझं ताट कधी वाढलं जाते, कधी नाई. मामा येणार म्हणलं तं भोजराज म्हणाला, घरात एक म्हातारी पुरे आहे. तेव्हापासून रोज देवाले म्हणत होती, काही कर, त्याचं येणं टळू दे. देवानं ऐकलं ते असं.

म्हातारपणी सुख येते हे मी त्याले धीर यावा म्हणून लिहीत होती. मले ते कधी दिसलं नाई. सख्ख्या भावाच्या मरणानं जीव हलका झाला, एवढंच दाखवलं या वयानं. शेवटी त्याले फार त्रास झाला काय? तेवढं कळव.

तुझी अभागी आत्या

कटंगी, ता. २४ जानेवारी १९६८

चि. खेमराज यास अ. आ. वि. वि.

सोबत आत्याचं पत्र आहे. तू इथंच असशीन समजून कटंगीले तुझ्या नावानं आलं, मी फोडलं. वाचून घाबरू नको, मी जिता आहे.

कार्ड माझंच होतं. सोमवारी येतो, एवढंच लिहिलं होतं. पेटीत टाकाच्या आधी बकरीनं कोपरा ओढला. घरात दुसरं कार्ड नव्हतं. म्हणलं अक्षरं साबूत आहेत, सोमवारी मी सोताच समोर उभा राहीन, मंग कशाचं अशुभ? बालाघाटच्या स्टँडवर शेवटच्या मोटारीपर्यंत बसलो. पत्ता खिशात होता, इचारत गेलो असतो. पण वाटलं, घ्यायले कोणी नाई आलं म्हणजे घरात नको असन. परत आलो.

काल हे पत्र वाचलं. राग आला असता तं बरं झालं असतं. दोन वर्षं मी याच भरवशावर काढली, का आमच्या दोघांतलं एक तरी सुखात आहे.

आता तू एक कर. तिले लिही का बाबाले काही त्रास झाला नाई, जेवले अन झोपेत गेले. तेरवी घरच्या घरी उरकणार असं लिही. म्हातारपणी लय खुश होते, हेही लिही. मी जिता आहे हे कळलं तं ती लाजेनं मरन, अन तिले मले पुन्हा ये म्हणावं लागन ते अलग. खोटं लिहाले हात आखडू नको. मीच लिहिलं असतं, पण ती माझं अक्षर ओळखते.

तिचं पत्र महिन्यात दोनदा येत होतं. आता मेल्या माणसाले कोण लिहिते? तुले सवड झाली तं तू लिहीत जा. नसन तं राहू दे.

तुझा बाबा, चैतराम