'दुर' म्हणजे काय

अरीशची छावणी,
सफर महिन्याची नववी, हिजरी १२४९

माझ्या मबरूकाताईस धाकट्या सुवैलमचा सलाम. आईच्या हाताचा माझ्या वतीनं मुका घे.

आधी हे ऐक. दाजी जिवंत आहेत, चांगले धडधाकट आहेत. आता श्वास सोड आणि शेखसाहेबांना पुढचं वाचू दे.

उंट बरे आहेत. म्हाताऱ्या उंटिणीचा खांदा सोललाय, त्यावर डांबर लावलं. खजूर मिळतो, पण किडका. कांद्याचं तर नावच काढू नकोस.

जाऊ दे, उगाच किती घोळवू!

पाशाच्या माणसांनी दाजींना पायदळात ओढून नेलं तेव्हा तू म्हणालीस, "सुवैलम, तू पाण्याच्या उंटांवर लाग. त्यांना तहानेलं ठेवू नकोस." मी लागलो. चाळीस उंटांवर पखाली. दाजींच्या पलटणीचे दोनशे शिपाई पुढे चालायचे, आम्ही मागे.

गेल्या जुम्म्याला, कतियाहून इकडे येताना, भर दुपारी धूळ उठली. पुढचं पायदळ दिसेना. आमच्यासोबतचा तुर्की कप्तान मला ओरडला, "दुर!" आणि शिपायांना थांबवायला घोडा पुढे दामटला. आता आपल्या अरबी बोलीत दुर म्हणजे फिर मागे. मी पहिला उंट फिरवला. बाकीचे एकोणचाळीस दोरीनं बांधलेले, गपगुमान वळले. हुकूम कसा झटक्यात पाळला म्हणून मी खूश! त्याच्या तुर्कीत दुर म्हणजे थांब, हे मला काय ठाऊक?

तिकडे शिपाई उन्हात पाण्याची वाट बघतायत आणि मी पाणी घेऊन उलटा चाललोय. दुपार कलली तेव्हा एक स्वार धापा टाकत आला. "अरे गाढवा, पाणी कुठं चालवलंस?"

दोन पखाली घेऊन मी उंट पळवला. दाजी वाळूत पडले होते. ओठ काळे, तोंडातून आवाज नाही. ओलं फडकं त्यांच्या तोंडात पिळलं. ताई, तेव्हा मीच मेलो असतो तर बरं, असं वाटलं. मग त्यांनी डोळे उघडले, पाणी प्यायले आणि मला शिव्या घातल्या. इतक्या गोड शिव्या मी जन्मात ऐकल्या नव्हत्या. अल्लाची कृपा, कुणीच दगावलं नाही.

उंट बिथरले, असं मी सगळ्यांना सांगितलं. दाजींनाही.

आज खरं सांगितलं. तुला आणि त्यांनाही, कारण मला कुठं लिहिता येतं? हे पत्र दाजीच लिहितायत. 'दुर'पाशी आले आणि त्यांनी लेखणी खाली ठेवली. आणि मग त्यांना हसूच फुटलं. "अरे लेका, कवायतीच्या पहिल्या दिवशी 'दुर' ऐकून मीही गर्रकन फिरलो होतो! अख्ख्या पलटणीचं तोंड एकीकडे, माझं एकीकडे. हवालदाराच्या काठीचे वळ अजून आहेत पाठीवर. सांग पुढचं."

पुढचं काही नाही. मी रडतोय, तेवढं लिहू नका म्हटलं, तर तेही लिहिलं.

तुझा भाऊ,
सुवैलम

मबरूके, याला रागावू नकोस. मी पाणी प्यायलोय.
तुझा अतीया