क्बाल तुकचं गोमुख

५ फेब्रुवारी २००१, सोमवार

पोचलो एकदाचे! शेवटचे नऊ किलोमीटर बैलगाडीने. जीप ओढ्यात रुतली ती रुतलीच. माझा मदतनीस सावेत दिवसभर शिव्या देतोय — जीपला, ओढ्याला, मधूनच मला.

प्रासात (म्हणजे देऊळ) क्बाल तुक. आमच्या पुरातत्त्व खात्याच्या यादीत एकच ओळ: 'विटांचे चार मनोरे, तीन पडलेले, दहावं शतक?' प्रश्नचिन्ह माझ्याआधी या कामावर असलेल्या कुणाचं तरी.

चौथा मनोरा उभा आहे. एवढा उंच असेल असं वाटलं नव्हतं. मागून वडाने मिठी मारल्यासारखा धरलाय. कोण कुणाला सांभाळतंय ते कळत नाही.

जमिनीतले सुरुंग काढणारे मागच्या वर्षी काम संपवून गेले. तरी सावेत आपला लाकडी पाय आपटत पुढे आणि मी त्याच्या पावलावर पाऊल टाकत मागे. सवय.

६ फेब्रुवारी

मापं घ्यायला सुरुवात. जांभ्याचा चौथरा, वर विटा. पूर्वेचं दार बंद — वरची कोरीव शिळा खाली आलीय आणि तिच्यामागे सगळा विटांचा ढीग. उरलेल्या तीन बाजूंना खोटी दारं. दगडात कोरलेल्या फळ्या, कोरलेले खिळे, मागे नुसती भिंत. वीस वर्षं हे काम करतेय, तरी या दारांकडे पाठ करून उभी राहत नाही. उघडणार नाहीत हे माहीत असूनसुद्धा!

उत्तरेच्या भिंतीतून छातीइतक्या उंचीवर गोमुख बाहेर आलंय. त्याखालचं शेवाळ हिरवंगार. तीन महिने पावसाचा थेंब नाही, आणि हिरवंगार. बोट लावलं. ओलं.

"कुत्रं," सावेत म्हणाला.

"एवढ्या वर तंगडी करणारं कुत्रं दाखव मला."

"मग वाघ." हसला. पण टेपचं टोक धरून गोमुखापाशी जायला तयार झाला नाही.

७ फेब्रुवारी

सकाळी ओलं. दुपारी कोरडं.

८ फेब्रुवारी

पुन्हा ओलं.

आत शाळुंका असणार. तिच्यावर पडलेलं पाणी नळीतून भिंतीपलीकडे यायचं, इतकी साधी रचना. पण पाणी घालायला आत कुणीतरी हवं. आणि आत जायला वाट नाही. चारही बाजूंनी तीनदा फिरले, भिंतीला हात लावून. नाहीच.

आमचं जेवण गावातली लुओन आजी करते. सत्तरीची, काटकुळी, केस अगदी बारीक कापलेले. सुक्या मासळीचं आंबट कालवण आणलं होतं. सहज विचारलं, आजी, त्या गोमुखातून पाणी कसलं येतं गं?

"जेव," ती म्हणाली. "निवतंय."

थोड्या वेळाने आपणहून: "आणि त्याला ओलांडून जात जाऊ नकोस, पोरी. वळसा घालत जा."

गावातली बाकीची माणसं मनोऱ्याभोवतीच्या खंदकाच्या अलीकडेच थांबतात. बोलावलं तर हसतात आणि पायांकडे बघतात.

१० फेब्रुवारी

आज गोमुखाला कान लावला. लावायला नको होता.

आतून वारा येतो. गार, वटवाघळांच्या वासाचा. थांबून थांबून येतो. वारा असा थांबून थांबून येतो का?

"हॅलो" म्हणाले. वेड्यासारखं! आवाज आत गेला आणि परत आला नाही. घुमायला हवा होता. रिकाम्या गाभाऱ्यात घुमतो.

सावेतला सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी

उजाडायच्या आधी जाऊन बसले, गोमुखासमोर दहा हातांवर. धुकं होतं. सावेत येणार नाही म्हणाला, मग आलाच. काठी घेऊन.

उजाडता उजाडता भिंतीच्या आत काहीतरी पडल्याचा आवाज. ओलसर, जड. मग गोमुखातून एक थेंब. मग धार. बारीक, सरळ, आवाज न करता. मी धावत मनोऱ्याला चक्कर मारली — कुणी नाही. सावेत उलट्या बाजूने आला — कुणी नाही. समोरासमोर उभे राहिलो आम्ही. त्याच्या ओठांवर रंग नव्हता.

परत आले तर धार आटत आलेली. खालच्या दगडावर पाण्याबरोबर काहीतरी पांढरं आलं होतं. बोटावर घेतलं.

भाताचं शीत. शिजवलेलं!

१२ फेब्रुवारी

सावेत म्हणतो परत जाऊ. "ताई, माझा एक पाय सरकारच्या सुरुंगाने घेतला. दुसरा भुतांना देणार नाही."

मीही हो म्हणणार होते. पण प्रांताच्या कार्यालयाचा माणूस मोटरसायकलवरून चिठ्ठी घेऊन आला. मी पाठवलेले भेगांचे फोटो पाहिलेत त्यांनी. पावसाआधी पूर्वेचं दार मोकळं करा आणि आतून लाकडी टेकू द्या, नाहीतर हाही मनोरा या पावसात जाईल. ते खरंच आहे. दक्षिणेच्या भेगेत माझा अख्खा हात जातो.

आजी भांडी घासत होती. मी चिठ्ठी सावेतला वाचून दाखवली, तेव्हा तिचे हात थांबले.

१३ फेब्रुवारी

आज वर बघितलं.

इतके दिवस जमिनीवरच शोधत होतो! धार सुरू झाली आणि मी धावले नाही. नुसती मान वर केली. वडाच्या मुळ्यांतून दोन पाय खाली येत होते. म्हातारे, भेगाळलेले तळवे. मग लुंगी. मग कमरेला बांधलेलं तेलाचं रिकामं डबडं. कुणीतरी मुळी चाचपत, घाई न करता, जिना उतरावा तसं उतरत होतं.

लुओन आजी.

आम्हाला पाहून दचकली नाही. "चूल पेटवायला उशीर होतोय," एवढंच म्हणाली आणि गेली. आम्ही दोघं तिच्या मागे चालत आलो आणि तिने केलेली पेज खाल्ली.

१४ फेब्रुवारी

आजीने सांगितलं. मासे साफ करता करता, मान वर न करता.

अठ्ठ्याहत्तर साल. तेव्हा सगळी इथे खंदक खोदायच्या कामावर होती. तिचा मुलगा रित, एकोणीस वर्षांचा, आणि आणखी दहा जण — मूठ मूठ तांदूळ चोरला म्हणून पकडले. त्या राजवटीच्या काळ्या कपड्यातल्या पोरांनी त्यांना गाभाऱ्यात कोंडलं आणि दारावर स्फोट केला. गोळ्या वाचवायच्या होत्या त्यांना.

मनोऱ्याच्या शेंड्याला भोक आहे, हे तिला माहीत होतं. लहानपणी वटवाघळं पकडायला चढायची. पहाटे, पहारेकरी झोपेत असताना ती वडावरून चढली आणि भोकातून पाणी ओतलं. खाली शाळुंकेवर. हाक मारायची सोय नव्हती.

"खाली येऊन मी गोमुखापाशी बसले. पाणी आलंच नाही. एक थेंब नाही! तेव्हा कळलं — पितायत."

नऊ दिवस चढली. नऊ दिवस गोमुख कोरडं. आतून खरवडल्याचा आवाज यायचा. नखांनी भिंत खरवडतायत असं तिला वाटायचं, आणि दिवसभर खंदक खणताना तोच आवाज कानात राहायचा.

दहाव्या दिवशी पाणी ओतलं, खाली आली, आणि गोमुखातून धार लागली. सगळं पाणी बाहेर आलं. आत पिणारं कुणी उरलं नव्हतं.

"तेव्हा मी तिथेच उभी राहून ते पाणी प्यायले," म्हणाली. "वाया कशाला घालवायचं?"

पुढे लढाई, सीमेवरची निर्वासितांची छावणी. त्र्याण्णवमध्ये गावी परतली तेव्हापासून रोज चढते. पाणी आणि भाताचा गोळा. सुरुंग होते तेव्हासुद्धा.

"सुरुंगांतून?" सावेत ओरडलाच. "आजी, माझा पाय गेला आणि तुझं नखही नाही गेलं?"

"तू बघून चालत नसशील."

मग माझ्याकडे वळून: "दार उघडू नकोस. आत माझी हाडं आहेत. तू त्यांच्यावर नंबर घालशील."

नंबर घालणंच माझं काम आहे.

१५ फेब्रुवारी

काम बंद. मापं घेतेय, पण चुकतात. रोज सकाळी धार येते. आता ती बघायची हिंमत होत नाही. आधी भूत होतं तेच बरं होतं.

१९ फेब्रुवारी

हाक नावाचा गावप्रमुख येऊन बसला. साठीचा, मवाळ माणूस. गावाला सगळं माहीत आहे. म्हणून कुणी खंदकापलीकडे जात नाही. "भिक्षूंकडून दोनदा विधी केले," म्हणाला. "म्हातारी दोन्ही वेळा आलीच नाही. म्हणे, त्यांना मंत्र नकोत, तहान आहे."

कार्यालयाला काय लिहू? मनोरा पडू दे, एक बाई वर चढते म्हणून?

२४ फेब्रुवारी

आजी आज लंगडत आली. पोटरी सोलवटलेली. मुळीवरून पाय घसरला.

पेज वाढता वाढता म्हणाली, "उघड."

मी वाटी खाली ठेवली.

"मी पडले तर पाणी कोण घालणार त्यांना? तू? तुला शिडीसुद्धा चढता येत नाही धड. उघड. हाडं मी उचलीन. तू हात लावायचा नाहीस."

कबूल केलं.

२ मार्च

हाकने आठ माणसं दिली. पहिल्यांदाच खंदक ओलांडून आली. प्रत्येक विटेवर खडूने आकडा, मग बाजूला. कोरीव शिळा साखळी-कप्पीने उचलली. खाली झोपलेला दगडी सिंह निघाला, नाक शाबूत.

आजी दिवसभर समोर बसून असते. मांडीवर घडी केलेलं पांढरं कापड.

५ मार्च

आज उघडलं. लगेच लिहून ठेवते.

आधी मी गेले, मग सावेत. वरच्या भोकातून उजेडाची एकच तिरीप, शाळुंकेवर. लिंग नाही, कधीच चोरलेलं. शाळुंकेवर भाताचा काळा थर, वीतभर जाड, आठ वर्षांचा. वटवाघळं उठली आणि आमच्या चेहऱ्यावरून गेली. मी टॉर्च जमिनीवर फिरवला. पुन्हा फिरवला.

"ताई," सावेत म्हणाला, "इथे कुणी नाहीये."

एकही हाड नाही. दात नाही, चिंधी नाही. वटवाघळांच्या विष्ठेचा थर खरवडून पाहिला — काही नाही. मनोऱ्यात अकरा माणसं कोंडली आणि मनोरा रिकामा! त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली, तेवढी हाडं पाहूनही वाटली नसती.

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात फरशी उचलून भिंतीला टेकवलेली. खाली वाळू. सगळ्या जुन्या मनोऱ्यांच्या जोत्यात भरलेली असते तशी. त्या वाळूत बीळ. भिंतीच्या पायातला जांभ्याचा एक दगड आत ओढून घेतलेला, आणि बीळ त्याखालून पश्चिमेला, वडाच्या मुळांत. तिकडचं तोंड आता मातीने आणि मुळ्यांनी बुजलंय. माणूस पोटावर सरपटत जाईल एवढंच.

बिळाच्या तोंडाशी तीन चमचे. त्या काळात माणसाजवळ स्वतःची एवढी एकच वस्तू असायची. कडा घासून घासून अर्धे झालेले.

खरवडल्याचा आवाज हाच होता. दहाव्या दिवशी पाणी बाहेर आलं, कारण प्यायला कुणी नव्हतं. निघून गेले होते!

बाहेर आले. आजी कापड पसरून बसली होती. मी सांगितलं. तिला ऐकू आलं नाही असं वाटलं, म्हणून पुन्हा सांगितलं. तिने माझ्या हातातला चमचा घेतला, कडेवरून अंगठा फिरवला. मग पांढरं कापड काळजीपूर्वक घडी करून काखेत मारलं आणि घरी गेली.

६ मार्च

आजी आली नाही. सावेतने भात केला. करपवला.

८ मार्च

टेकू लावतोय. आजी घराच्या पायरीवर बसलेली असते. वडावर चढत नाही.

हाक म्हणतो पहारेकऱ्यांनी रिकामं बीळ पाहिलं असणार, पण वर कळवलं असतं तर त्यांचीच मान गेली असती. बुजवलं आणि गप्प बसले. "आणि रित शोधायला आलाही असेल," म्हणाला. "एकोणऐंशीत इथे काय होतं? जळकी घरं. म्हातारी छावणीत. त्याला वाटलं असेल, आई गेली."

सावेत मला बाजूला घेऊन म्हणाला, सीमेच्या डोंगरात तेव्हा किती सुरुंग होते ते त्याला माहीत आहे. अकरातला एक पोचला तरी नशीब.

"तिच्यासमोर बोललास तर दुसरा पायही मीच तोडीन," म्हटलं.

१४ मार्च

काम संपलं, निघालो. आजी निरोपाला नव्हती. तिच्या घराला दोरी बांधलेली. हाकने सांगितलं — पहाटे गेली, सीमेच्या रस्त्याला, बोचकं घेऊन. अडवलं तर त्याच्यावरच उखडली. रडत नव्हती म्हणे, संतापली होती. "तेवीस वर्षं! जिवंत आहे आणि आईला एक निरोप नाही! बेचाळीस वर्षांचा घोडा झाला असेल, बायकोपोरं असतील — त्यांच्यासमोर कान पिळते की नाही बघ!"