वरची दाढ आणि उजवा डोळा

३ फेब्रुवारी २०२५
वरची उजवी दाढ ठणकते. घाबरलो नाही. फक्त धुळाजीला विचारून आलो. गावात सगळ्यात जास्त दात त्याचेच पडलेत, म्हणजे अनुभव दांडगा. तो म्हणाला, वरची दाढ उपटू नको बे, तिची शीर डोळ्याला गेलीय. माझ्या साडूनं उपटली, आता म्हशीलाबी रामराम घालतो.
ठराव: दाढ काढायची नाही.

५ फेब्रुवारी
मेडिकलवाल्याने चिठ्ठी नसताना जंतू मारायच्या गोळ्या दिल्या. दोन खाल्ल्या, ठणका बंद. उरलेल्या डब्यात ठेवल्या. मुलगा अजिनाथ म्हणाला, आण्णा, कोर्स पुरा करा. जंतू मेल्यावर गोळ्या कशाला? या पोरांना काटकसर ठाऊक नाही.
एकेक डोळा झाकून पाहिला. कॅलेंडरवरची चतुर्थी दोन्हींनी दिसते.

११ फेब्रुवारी
पुन्हा ठणका. हे जंतू नवे असणार, जुने मी मारले. बायको सावित्रीबाईच्या तांब्यातून आले असावेत. वेगळा तांब्या घे म्हणालो. ती म्हणाली, इतकी वर्सं माझं उष्टं खाल्लं, तवा कावून न्हाई दिसले जंतू? दोन गोळ्या खाल्ल्या. आराम.

१५ फेब्रुवारी
हिरडीवर फोड आला आणि फुटला. पू गेला म्हणजे रोग गेला. खुशीत मिश्री चोळून लावली. संध्याकाळी थंडी वाजून आली. हवा बदलली असेल.

१८ फेब्रुवारी
सून दीपमालाने माजलगावला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. एक्स-रे काढला. बाई म्हणाल्या, बाबा, हे तेच जंतू आहेत, नवे नाहीत. ते सुटे राहत नाहीत. एकमेकांना धरून दाढेच्या मुळात चिकट थर करतात. गोळी वरच्यांना मारते, खालचे दबून राहतात आणि पुन्हा वाढतात. हौदाचं शेवाळ नुसतं पाणी ओतून जातं का? खरवडावं लागतं. ही दाढ तर आतून फुटलीय, काढावीच लागेल.
मी विचारलं, डोळा? बाई हसल्या. हसणाऱ्या माणसावर भरवसा ठेवू नये. लघवीला जातो म्हणालो आणि एसटीत बसलो. चपला दवाखान्याच्या दारातच राहिल्या. दीपमाला त्या घेऊन मागून आली. म्हणाली, आण्णा, तुमी तर लेकराच्याबी वरताण हाय.

२० फेब्रुवारी, पहाटे
गाल फुगला. उजवा डोळा मिटला, उघडतच नाही. दाढ काढली नाही तरी डोळा गेला. हे धुळाजीने सांगितलं नव्हतं.
अजिनाथने बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सूज डोळ्याकडे चाललीय, जिवावर बेतेल, आत्ता निघा. सावित्रीबाई माझी टोपी शोधते आहे. टोपी माझ्या डोक्यावरच आहे. ती घाबरली आहे. मी नाही. अक्षर वाकडं येतंय ते एका डोळ्यामुळे.

२५ फेब्रुवारी
घरी आलो. पू काढला, दाढ काढली, सलाइन लावलं. डोळा उघडला. चांगलं दिसतं. सावित्रीबाई वाळलेली दिसली. जेवत नव्हती म्हणे.
बाई म्हणाल्या, आणखी उशीर केला असता तर डोळा खरंच गेला असता. दाढेपायी नाही, तुमच्यापायी.

२७ फेब्रुवारी
भेटायला माणसं आली. त्यांना सांगितलं, हूं की चूं केलं नाही. सावित्रीबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, व्हय, हूं न्हाई केलं. नुसतं आईला हाका मारत व्हते. डाक्टरीणबाईचा हात सुटंना, तवा अजिनाथनं एकेक बोट उकललं. सगळे लई हसले.
खालच्या दाढांवरही तोच थर आहे. खरवडायला शनिवारी बोलावलंय.
ठराव: एकटा जाणार. कोणाची गरज नाही.

रात्री जेवताना
सावित्रीबाईला विचारलं, शनिवारी तुला काही काम आहे का.