पानसुद्धा हलत नाही

४ मार्च

आज हवामान केंद्रात रुजू झाले. निवृत्तीनंतर घरी बसून तीच तीच कपाटं आवरण्यापेक्षा हे बरं. इमारत टेकडीवर आहे, खोली हवेशीर, खिडक्या मोठ्या. टेबल मीच पुसून घेतलं. माझ्याआधीच्या बाईंनी खणात बिस्किटांचा अर्धा पुडा आणि मुंग्यांचं अख्खं गाव सोडलं होतं. समोरच्या भिंतीवर सबंध देशाचा नकाशा. वर हिमवादळ, मधे गारपीट, खाली वणवे. एका टोकाला सूर्य उगवतो तेव्हा दुसऱ्या टोकाला लोक अजून अंधारात घोरत असतात. एवढा पसारा आणि पाहणारे आम्ही मूठभर.

साहेब रखरखीत उन्हातही छत्री घेऊन येतात. हवामानावर पोट चालवणाऱ्या माणसाचा स्वतःच्या अंदाजावर केवढा हा विश्वास! शेजारच्या टेबलावर रडार पाहणारी बाई बसते. कामाला चोख, बोलायला कंजूष. मला आवडली.

धाकटीचा फोन आला. माझी बहीण जंगलाकाठच्या गावात एकटी राहते. सध्या पाय प्लास्टरमध्ये आहे, जीभ मात्र धडधाकट. ताई, जन्मभर वर्गातल्या पोरींना ओळीत उभं केलंस, आता ढगांना करणार का, म्हणे. मी सांगितलं, ढग तुझ्यापेक्षा जास्त ऐकतात.

६ मार्च

कामाची रीत समजली. उपग्रहाला कुठे उष्णता जाणवली की नकाशावर लाल ठिपका उमटतो. पण उपग्रहाला वीटभट्टीही आग वाटते आणि तापलेला पत्राही. म्हणून प्रत्येक टापूत एक साक्षीदार नेमलेला आहे. कुठे पंपावरचा माणूस, कुठे पोस्टमास्तर. त्याला फोन करायचा. त्याने बाहेर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं. आग म्हणाला तर इशारा जातो, गाड्या निघतात, गाव हलवतात. मोकळं म्हणाला तर ठिपका पुसायचा. इशारा गेल्यावरही ठरावीक वेळाने साक्षीदाराला पुन्हा विचारतात, आणि तेही दुसऱ्या टेबलावरून. तेव्हा मोकळं म्हणाला तर इशारा मागे, गाड्या परत. यंत्रापेक्षा माणसाचा डोळा मोठा, हा इथला नियम. मला पटला.

आज एका लाकडाच्या वखारीतल्या साक्षीदाराला फोन केला. वयस्क आवाज, कोरडा, पण सभ्य. आकाश मोकळं आहे, पानसुद्धा हलत नाही, बाई, असं म्हणाला. ठिपका पुसला. इतकं नेमकं बोलणारी माणसं हल्ली कुठे मिळतात?

११ मार्च

वारे सुटले आहेत. नकाशाला गोवर उठल्यासारखे ठिपके. दिवसभर कानाला फोन, त्यामुळे मान धरली आहे. डोळे मिटले तरी आत लाल दिसतं. खरं सांगायचं तर कोणी मोकळं म्हटलं की बरं वाटतं. तेवढंच एक काम कमी.

दुपारी किनाऱ्यावरच्या दीपगृहात फोन लावला. तिथे वादळ आहे. वाऱ्याचा जोर माझ्यासमोर पडद्यावर दिसत होता. पलीकडून वखारीतल्या माणसाचा आवाज आला. तोच. पानसुद्धा हलत नाही, बाई. शुद्धीवर आहात का, असं मी खडसावलं. फोन बंद झाला.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, फोनवर सगळे म्हातारे सारखेच वाटतात, तुम्ही आपलं नियमाने चाला. वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. ठिपका पुसला.

१३ मार्च

वखारीचं गाव जळून गेलं. इतके दिवस बातमी आली नाही, कारण सांगायला तिथे कोणी उरलं नव्हतं. साक्षीदार वखारीच्या दारात सापडला. मी फोन केला त्याच्या आदल्या दिवशीच तो गेला होता.

आदल्या दिवशी.

साहेबांनी छत्रीची घडी नीट केली आणि म्हणाले, साक्षीदार बोलला, तुम्ही पुसलं, आपली बाजू स्वच्छ आहे. असल्या स्वच्छतेची शिसारी आली.

रडारवालीला जिन्यात गाठलं. तिलाही तो आवाज ऐकू येतो. सगळ्यांनाच येतो. माणूस फार थकला की तो येतो, म्हणाली, आणि थकलेल्याला जे ऐकायचं असतं तेवढंच बोलतो. मग तू काय करतेस, असं विचारलं. पुसते, म्हणाली. घरी आजारी सासू आहे, दोन मुलं आहेत. भांडायला जीव कुठून आणू, म्हणाली. जाता जाता एवढंच सांगितलं, की माझ्याआधीच्या बाईंनी त्या आवाजाला कंटाळून साक्षीदार म्हणून स्वतःलाच नेमलं होतं. पुढे काय झालं, विचारलं. ती पायऱ्या चढून वर गेली.

१५ मार्च, सकाळ

धाकटीच्या गावामागच्या डोंगरावर ठिपका.

तिथला साक्षीदार पोस्टमास्तर. फोन लावला. तोच आवाज, तेच वाक्य.

धाकटीला लावला. तिचाच आवाज, अगदी तिचाच, हसरा. आकाश मोकळं आहे, बाई.

बाई. माझ्या बहिणीने मला जन्मात बाई म्हटलेलं नाही. लाडात असली की ताई, चिडली की हवालदार.

साहेब म्हणाले, साक्षीदाराशिवाय इशारा नाही. मग साक्षीदाराच्या जागी स्वतःला लिहिलं. डोळ्यांनी पाहिलं, असंही लिहिलं. दुसरा रस्ता नव्हता. इशारा गेला. गाडी निघाली.

दुपार

धाकटीचा फोन. आता खरी तीच. खोकत होती, गाडीवाल्याला शिव्या घालत होती. ताई, अंगणात राख पडतेय गं, म्हणाली. दारात खुर्ची टाकून बसलेय, चालता येत नाही, त्या मेल्याला म्हणावं लवकर ये. मग हसायला गेली आणि पुन्हा खोकली.

गाडी घाटात आहे. अजून थोडा वेळ. फक्त थोडा —

त्यानंतर

पुन्हा विचारायची वेळ झाली. साक्षीदार मी. रडारवालीने माझ्याकडे पाठ करून नंबर फिरवला. फोन माझ्याच टेबलावर वाजला.

आग म्हणायचं. एवढंच. घोकून ठेवलं होतं. आग, आग, आग —

तोंडातून आलं ते कोरडं, सभ्य. पानसुद्धा हलत नाही, बाई.

तिने सुटल्यासारखा श्वास सोडला. किती थकली आहे ती. गाडीला परत बोलवायला फोन ओढला —

ओरडता येत नाही. पाय उचलत नाहीत. जीभ माझी नाही. हात अजून माझा आहे. एवढं लिहून ही वही उघडी तिच्या टेबलावर फेकते. मागे वळ, बये — वाच —

आग आहे गाडी परत बोलवू नको ती दारात बसली आहे आग आ

आकाश मोकळं आहे. पानसु