दलालाची कर्तव्यं, माझ्या हस्ताक्षरात

३ जून, सकाळ
ठरलं. महिनाअखेर या घरातून बाहेर. सुनेने माझं कपाट मला न विचारता आवरलं, हद्द झाली. आता स्वतःची खोली, स्वतःची किल्ली. मुलगा म्हणाला, आई, जरा विचार कर. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होते. माझा विचार सकाळी सहालाच झालेला असतो. सुनेने एवढंच विचारलं, टेम्पो कधीचा सांगायचा? फोन हातात घेऊनच उभी होती, केवढी काळजी बिचारीला.

४ जून
दलाल आला. काळजीच करू नका मावशी, म्हणाला. मी तुझी मावशी कधी झाले, असं विचारल्यावर मॅडमवर आला. स्वतःची कर्तव्यं काय, याचा पत्ता नाही. मीच लिहून दिली, कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात. भाडेकरूपासून घराचं काही लपवायचं नाही. मालकापासून भाडेकरूचं काही लपवायचं नाही. आधीच्या घरी चौकशी करायची. खाली सही घेतली. म्हणाला, अशाने धंदा बसेल, मॅडम. म्हटलं, बसू दे. उभा राहून काय दिवे लावले?

९ जून
पहिली खोली. दुसरा मजला, भरपूर उजेड. दलालाने आपणहून सांगितलं, बाथरूमच्या भिंतीला ओल येते आणि वरचा भाडेकरू पहाटे दोरीवरच्या उड्या मारतो. मालकीण बघतच राहिली. माणूस तयार होतोय माझ्या हाताखाली. मग तिने विचारलं, बाई कशा आहेत? त्याने तेही सांगितलं. भांडतात, पण मुद्देसूद. मालकीण म्हणाली, कळवते. छाप पडली.

१० जून
कळवलं नाही. फोन बिघडला असेल.

१३ जून, दुपार
दुसरा मालक. दलालाने कागदाप्रमाणे त्याच्यासमोर सुनेला फोन लावला, स्पीकरवर. काय बोलली पोरगी. आमच्या आई म्हणजे सोनं हो. कुरकुर नाही, मिळेल ते खातात, घरात आहेत हे कळतसुद्धा नाही. आज म्हणालात तर आज येतील, सामान आम्ही आणून टाकतो. मला भरून आलं. मालक मात्र उठून उभा राहिला. सून सासूचं एवढं कौतुक करते म्हणजे प्रकरण साधं नाही, म्हणाला. कोत्या मनाचा. अशा माणसाच्या घरात मीच राहिले नसते.

१८ जून
माघार नको म्हणून माझी खोली रिकामी केली. नातीला अभ्यासाला हवीच होती. मोठ्या मनाने दिली. तासाभरात तिचं टेबल आत, दारावर कागद: टकटक करा. टेबल महिन्यापूर्वीच घेऊन ठेवलं होतं म्हणे, स्वस्तात मिळालं. मी तात्पुरती हॉलमधल्या दिवाणावर. पाठीला कडक गादीच चांगली.

२४ जून
तिसरा, चौथा, पाचवा. नकार. पाचव्याने दलालाला विचारलं, ज्या बाई तुला नियम लिहून देतात त्या मला काय काय लिहून देतील? दलाल म्हणाला, रोज एक चिठ्ठी धरून चाला. आगाऊ. पण खोटं नाही बोलला.

३० जून, सकाळ
दलाल आला. भाडेकरूपासून काही लपवायचं नाही असं तुम्हीच लिहिलंय, म्हणाला, म्हणून सांगतो, मॅडम, या भागात तुम्हाला कोणी खोली देणार नाही. मी गप्प बसलो असतो तर पहिलीच मिळाली असती.
मी आजूबाजूला पाहिलं, कोणी नव्हतं. हळूच म्हटलं, मग गप्प बसायचं होतंस.
तो म्हणाला, सही केलीय, मॅडम.

संध्याकाळ
टीव्ही चालू. मुलगा, सून, नात, तिघं माझ्या दिवाणावर. सुनेने विचारलं, मग टेम्पोवाल्याला काय सांगू? बघू, म्हटलं. नात म्हणाली, आजी, जरा सरक ना.
सरकले.