दहाव्या रिळातली आई

प्रिय टिल्लू,

साठी उलटलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये, हे मला कळतं. पण पुरवणीतला तुझा लहानपणीच्या आवडत्या सिनेमांवरचा लेख वाचल्यावर दुसरं नाव सुचेना. शेजारीण अंक नाचवत आली होती. तिच्या तोंडून भावाचं कौतुक ऐकत मी बिनसाखरेचा चहा ढवळत बसले.

पहिले दोन सिनेमे चालतील. दरोडेखोर आले की तू माझ्या फ्रॉकमध्ये तोंड खुपसायचास आणि लिहितोस काय, तर ‘थरारून गेलो’! असो. तिसरा मात्र मी चारदा वाचला. त्यातली आई मरते आणि शेवटी अंगणात मुलाला न्हाऊ घालताना दिसते. दिग्दर्शकाची केवढी धाडसी कल्पना, म्हणे. अरे शहाण्या, असा सिनेमा कुणी काढलेलाच नाही!

आणि त्याखालची ती ओळ. ‘वडील त्याच थिएटरात ऑपरेटर होते, दारूपायी नोकरी घालवून बसले.’ एका ओळीत बाबांना आटोपलंस. शनिवारी ते थिएटर बंद होतंय, शेवटच्या खेळाआधी तुझं भाषण आहे. ‘ताई, बाबांच्या दारूचा किस्सा तिथे रंगवून सांगणार आहे, आता कशाला लपवायचं?’ असं फोनवर हसत म्हणालास. तेव्हा लाइन तुटली नव्हती. मी फोन आपटला होता.

आता ऐक. आई जाऊन चार महिने झाले होते. तू पाच वर्षांचा, मी बारा. घरी तुला बघायला कुणी नाही, म्हणून शाळा सुटली की तुला घेऊन मी बाबांच्या यंत्राच्या खोलीत यायचे. गणवेशावर बाबांचा जुना शर्ट चढवायचे, कारण शाळेतली मुलगी थिएटरात दिसली तर नाव कमी, असा आमच्या कॉन्व्हेंटच्या मदरचा नियम होता. एका यंत्रावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवायचं, हे काम मला झोपेतही जमायचं.

मग तो सिनेमा लागला. शेवटच्या, दहाव्या रिळात आई मरायची. रोज तू स्टुलावरून उतरून विचारायचास, ‘ताई, उद्या नाही ना मरणार ती?’

चौथ्या दिवशी बाबा तापानं फणफणून बाकावर आडवे झाले होते. यंत्रं माझ्या ताब्यात होती. मी अंगणातल्या आंघोळीचं नववं रीळ मागे ठेवलं आणि दहावं आधी लावलं. आई मेली. ‘समाप्त’ची पाटी यायच्या आत दुसरं यंत्र सुरू केलं, आणि ती अंगणात हसत पोराच्या डोक्यावर पाणी ओतू लागली. तू टाळ्या पिटल्यास. खाली लोकांनी शिट्ट्या मारत खुर्च्या आपटल्या.

मालक धावत वर आला. बाबांचे लाल डोळे पाहून ओरडला, ‘प्यायलायस?’ बाबांनी माझ्याकडे पाहिलं. शर्टाखालून गणवेश दिसत होता. ते म्हणाले, ‘हो.’ थेंबाला न शिवलेला माणूस! माझी शाळा वाचली, त्यांचं काम गेलं. मग जन्मभर गोदामात खोकी उचलली, आणि तू मात्र ते जवळ आले की वास घ्यायचास.

तुला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. पोर स्वतःला दोष देईल, म्हणाले होते. ते गेल्यावर मात्र शपथ उरली नव्हती, होता तो माझा भित्रेपणा. त्याबद्दल मला हवं ते बोल.

पण शनिवारी मी पहिल्या रांगेत बसणार आहे. बाबांचं नाव आणि दारू एका वाक्यात आली, तर मी उभी राहीन. चौतीस वर्षं वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज आहे माझा, माइक लागत नाही. त्यापेक्षा तूच खरं सांग. आणि हेही सांग, की त्या दिवशी काम गेलेला तो माणूस तापल्या अंगानं तुला कडेवर घेऊन जिना उतरत होता, आणि मला रागावायचं सोडून एवढंच म्हणाला, ‘हसला गं तो.’

अजूनही तुझीच,
ताई